आठ किलोमीटरची फाइल

डोंबिवलीत राहून ऐरोलीत नोकरी करणाऱ्या माणसाचा रोजचा प्रवास एकदा नकाशावर काढून पाहा. लोकल दिवा, मुंब्रा, कळवा करत येते, खाडी ओलांडते आणि ठाण्याला लागते. इथे तो उतरतो, जिन्यावरच्या गर्दीत स्वतःला ढकलून देतो, पूल पार करून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर येतो आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतो. ही गाडी निघते ती थेट उलट्या दिशेला. पुन्हा तीच खाडी ओलांडते, विटाव्याजवळ, म्हणजे कळवा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, वळण घेते आणि दिघा, ऐरोली, रबाळेकडे जाते. खुद्द कळव्यात राहणाऱ्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. ऐरोली खाडीच्या त्याच काठावर आहे, पण लोकलने तिथे जायला त्याला खाडी दोनदा पार करावी लागते.

मग कळव्यापाशीच रूळ जोडून का टाकत नाहीत? हा प्रश्न गाडीतल्या चौथ्या सीटवरच्या माणसाला पडतो, तसा सरकारलाही पडला होता. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा तिसरा टप्पा, म्हणजे एमयूटीपी-3, डिसेंबर 2016 मध्ये मंजूर झाला. 10,947 कोटी रुपयांच्या त्या टप्प्यात ऐरोली-कळवा हा उन्नत जोडमार्ग होता. लांबी सुमारे 8 किलोमीटर, खर्च 476 कोटी. त्यातले दिघा गाव स्टेशन 2023 मध्ये बांधून तयार झाले आणि 12 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्यासाठी हा सगळा घाट घातला तो कळव्याचा जोड मात्र 2025 सालीही सुरू झालेला नव्हता.

पैसे मंजूर, आराखडा तयार, विरोधात कुणी पक्ष नाही. तरी नऊ वर्षे का जातात? "सरकारी काम आणि सहा महिने थांब" एवढे म्हणून आपण मोकळे होतो, पण त्याने काहीच उलगडत नाही. अनेक खात्यांनी मिळून करायचे काम आतून कसे चालते आणि नेमके कुठे अडते, ते या आठ किलोमीटरवर चांगले दिसते.

एक रेघ, मालक अनेक

कळवा स्टेशनाच्या आसपासची जमीन वरून एकसलग दिसते. कागदावर ती तशी नाही. रूळ आणि त्यालगतची पट्टी मध्य रेल्वेची, म्हणजे केंद्र सरकारची. पट्टीच्या पलीकडचा रस्ता, गटार, नळ आणि कचरा ठाणे महापालिकेचा. वीज महावितरणची, पण बिल टोरंट पॉवरचे, कारण 1 मार्च 2020 पासून शीळ-मुंब्रा-कळव्याचे वीजवितरण फ्रँचायझी म्हणून त्या कंपनीकडे गेले. पारसिकच्या डोंगरावर वन खाते. खाडीकाठच्या तिवरांवर त्याच खात्याचा कांदळवन कक्ष, भरतीरेषेच्या नियमांसाठी पर्यावरण खात्याखालचे किनारा क्षेत्र प्राधिकरण, आणि सार्वजनिक कामासाठी तिवरे तोडायची झाल्यास मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी. थोडे पुढे दिघ्याकडे गेलात की महापालिकाही बदलते, नवी मुंबईची हद्द लागते आणि एमआयडीसी सुरू होते.

यातले प्रत्येक खाते आपल्या जागी शहाणेच आहे. तिवरे राखणाऱ्याने रेल्वेची घाई बघून सही केली, तर तो त्याच्या कामात कसूर करतो. तरीही नागरिकाच्या वाट्याला येते ते भलतेच. इमारतीतल्या गळतीसारखे. खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. वरचा म्हणतो, माझा संडास-बाथरूम कोरडा आहे, पाइप सोसायटीचा असेल. सोसायटी म्हणते, पाइप फ्लॅटच्या आत आहे, तुमचे तुम्ही बघा. प्लंबर म्हणतो, वरच्याची लादी फोडल्याशिवाय सांगता येणार नाही. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात आणि पाणी दोघांच्या मधल्या स्लॅबमध्ये मुरत राहते. त्या स्लॅबला स्वतंत्र मालक नाही.

खाती वेगवेगळी आहेत हा माझ्या मते मूळ दोष नव्हे. दोन खात्यांच्या मधल्या जागेला कुणी धनी नसतो, हा आहे. ऐरोली-कळव्याच्या बाबतीत ही मधली जागा म्हणजे माणसांची घरे.

फाइल फिरते म्हणजे काय होते

मंत्रालयातल्या कामाची रीत सोपी आहे. कनिष्ठ अधिकारी टिपणी लिहितो, ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. विषयात दुसऱ्या खात्याचा संबंध असला की शेरा पडतो: "अभिप्राय घ्यावेत." मग फाइल शेजारच्या खात्यात जाते, तिथे पुन्हा तळापासून वर चढते, वरून खाली उतरते आणि परत येते. पैशाचा प्रश्न असेल तर वित्त खात्याला विचारल्याशिवाय आदेश काढता येत नाही. राज्याच्या कार्यनियमावलीतच तसे आहे. दोन खात्यांचे पटले नाही, तर मुख्य सचिव, मुख्यमंत्री आणि शेवटी मंत्रिमंडळ.

हा वेळ कायद्यानेही गृहीत धरला आहे. महाराष्ट्रात 2005 चा एक कायदा आहे. त्याला बोलीभाषेत बदल्यांचा कायदा म्हणतात, पण त्याचा दुसरा अर्धा भाग दप्तरदिरंगाईविरुद्ध आहे. एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या खात्याकडे न्यावे लागत नाही अशा प्रकरणात 45 दिवसांत निर्णय व्हावा. आणि दुसऱ्या खात्याकडे पाठवावे लागत असेल तर? तीन महिने. एक खाते वाढले की मुदत दुप्पट, हे विधिमंडळाने लिहूनच दिले आहे. इथे तर राज्याबाहेरचे, केंद्राचे खाते आहे आणि त्याला हा कायदा लागूच नाही.

यामागे एक साधा हिशेबही असतो. सही करून काही चुकले तर लेखापरीक्षणाचा आक्षेप, चौकशी, निवृत्तीवेतनापर्यंत शुक्लकाष्ठ. सही न करता "अधिक माहिती मागवावी" असे लिहिले तर काही होत नाही. थांबण्याची किंमत प्रवासी मोजतो आणि चुकण्याची किंमत सही करणारा. अशा व्यवस्थेत माणूस आळशी नसला तरी सावध होतोच.

51 आणि 49

या अडचणीवर मुंबई महानगरात एक हुशार उपाय झाला, त्याची पुरेशी दाद दिली जात नाही. लोकलवर रेल्वेचा ताबा, पण प्रवासी राज्याचे. रेल्वेला देशभरचे रूळ सांभाळायचे, त्यात मुंबईच्या लोकलचा क्रमांक कितवा? राज्याला लोकल हवी, पण रुळाला हात लावण्याचा अधिकार नाही. म्हणून जुलै 1999 मध्ये दोघांनी मिळून एक कंपनी काढली, मुंबई रेल्वे विकास महामंडळ, लोकांच्या तोंडी एमआरव्हीसी. रेल्वे मंत्रालयाचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 49. एमयूटीपीचा खर्च साधारणपणे निम्मा-निम्मा. म्हणजे दोन्ही मालकांचे पैसे एकाच टेबलावर आले आणि दिरंगाई झाली तर दोघांचेही नुकसान होऊ लागले.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका याच व्यवस्थेतून झाली. 2008 मध्ये मंजूर, 18 फेब्रुवारी 2022 रोजी उद्घाटन, खर्च सुमारे 620 कोटी. 1.4 किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे पूल, 21 छोटे पूल. शेवटचे रूळ जोडायला त्या महिन्यात सलग 72 तासांचा मेगाब्लॉक घेतला होता, तो कळवा-मुंब्र्याच्या लोकांना नीट आठवत असेल. त्यानंतर मेल-एक्स्प्रेस 1916 च्या पारसिक बोगद्यातून जाऊ लागल्या आणि जलद लोकल कळवा-मुंब्रा स्टेशनांना लागून. इतक्या लागून की त्या इथे थांबत का नाहीत, हे प्रवाशांच्या मागणीपत्रातले पहिले कलम झाले.

मंजुरीपासून उद्घाटनापर्यंत चौदा वर्षे गेली. तरी संयुक्त कंपनी नसती तर ते झाले असते का, याची मला शंका आहे.

---
चौकट : लोकलच्या वाटेवर कोण काय करते

रेल्वे मंत्रालय व मध्य रेल्वे : रूळ, गाड्या, वेळापत्रक, रेल्वेची जमीन.
एमआरव्हीसी : एमयूटीपीतली नवी बांधकामे, केंद्र आणि राज्याच्या भागीदारीत.
एमएमआरडीए : राज्याचे महानगर प्राधिकरण, एमयूटीपीतल्या बाधितांसाठी घरे.
महापालिका : रुळावरच्या पुलांचे जोडरस्ते, पाणी, गटारे.
रेल्वे सुरक्षा दल (आरपीएफ) : केंद्राचे, रेल्वेची मालमत्ता.
लोहमार्ग पोलीस (जीआरपी) : राज्याचे, गुन्हे आणि तपास. खर्च केंद्र-राज्य निम्मा-निम्मा.
---

घरांपाशी गाडी अडते

कळव्याच्या भोलानगर, शिवाजीनगर भागात जोडमार्गाच्या आड सुमारे हजार घरे येतात. इथे एमआरव्हीसीची हुशारी संपते, कारण कंपनी रूळ टाकू शकते, घर देऊ शकत नाही. अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी घर देणे हे रेल्वेच्या नियमात बसत नाही. राज्याच्या झोपडपट्टी धोरणात 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या रहिवाशांना संरक्षण आहे, नंतर 2011 पर्यंतच्या रहिवाशांनाही सशुल्क घराची तरतूद झाली. एकाच झोपडीतले कुटुंब एका सरकारच्या लेखी घुसखोर आणि दुसऱ्याच्या लेखी पात्र लाभार्थी.

त्या कुटुंबाच्या पत्र्याच्या पेटीत काय असते ते पाहा. शिधापत्रिका अन्न व नागरी पुरवठा खात्याची. मतदार ओळखपत्र निवडणूक आयोगाचे. वीजबिल, पालिकेची कर आकारणी, मुलाचा शाळेचा दाखला. चार-पाच कार्यालयांनी त्याला "तू इथे राहतोस" असे शिक्क्यानिशी लिहून दिलेले असते. आणि मग एक दिवस सहाव्या कार्यालयाची नोटीस येते. जानेवारी 2022 मध्ये कळवा-मुंब्र्यात रेल्वेने अशा नोटिसा लावल्या, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. लोकप्रतिनिधी तर उतरणारच होते.

त्या नोटिसांमागे सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2021 चा आदेश होता, आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. प्रकरण गुजरातचे, सुरतच्या रुळांकाठच्या झोपड्यांचे. न्यायालयाने अतिक्रमण काढायला सांगितले. पण सोबत हेही सांगितले, की प्रत्येक घरामागे सहा महिने दरमहा 2,000 रुपये द्यावेत आणि तो भार रेल्वे, राज्य आणि महापालिका यांनी समान वाटून घ्यावा. रक्कम तुटपुंजी आहे. तत्त्व मात्र लक्षात घ्या: इतकी वर्षे वाढू दिलेल्या प्रश्नाची जबाबदारी तिघांची आहे, हे न्यायालयाने रुपयांत मांडले.

असे पुनर्वसन आपल्याकडे कधी झालेच नाही, असे नाही. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात, 2002 पासून जागतिक बँकेच्या कर्जावर, रूळ आणि रस्त्यांकाठच्या एक लाखाहून अधिक माणसांना हलवले गेले. घरांची जबाबदारी एमएमआरडीएची, आणि झोपड्यांची गणना करण्यात स्पार्क आणि महिला मिलन यांसारख्या संस्था. मोजणारी बाई त्याच वस्तीतली असल्यामुळे यादीत खोटी नावे घुसवणे अवघड होते. सगळे गोड झाले, असेही म्हणता येणार नाही. बाधित दुकानदारांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या आणि मार्च 2006 मध्ये बँकेने काही महिने पैसे रोखून धरले. पण पैसे रोखू शकणारा कुणीतरी बाहेरचा होता, म्हणूनच मधल्या जागेकडे सगळ्यांचे लक्ष राहिले, असे मला वाटते. ऐरोली-कळव्यात असा बाहेरचा धाक दिसत नाही. इथे घरे एमएमआरडीएने द्यायची की कुणी, कुठे द्यायची, कळव्यातल्या माणसाने नोकरी, शाळा, दवाखाना सोडून किती लांब जायचे, या प्रश्नांभोवती पत्रव्यवहार फिरत राहिला.

काही भिंती हव्यातच

एवढे वाचून सगळी खाती एकत्र करा, असे वाटू शकते. तसे केले तर फार महागात पडेल.

रेल्वेचा नवा मार्ग सुरू करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त तो तपासतात. त्यांच्या सहीशिवाय प्रवासी गाडी धावत नाही. हे आयुक्त कुठल्या मंत्रालयाखाली येतात? नागरी विमान वाहतूक. ऐकणाऱ्याला ही कारकुनी चूक वाटते, पण 1941 पासून तपासणी रेल्वेच्या हाताबाहेर ठेवली आहे ती जाणूनबुजून. जो रूळ टाकतो त्याच्याच हाताखालच्या माणसाने रूळ तपासला, तर तपासणीला अर्थ काय?

9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले, त्या दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. चौकशी रेल्वेने केली आणि स्वतंत्रपणे लोहमार्ग पोलिसांनीही. लोहमार्ग पोलीस राज्याचे. पुढे त्यांनी रेल्वेच्याच अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. कोण चूक, कोण बरोबर हे न्यायालय ठरवील. पण रेल्वेचे आणि पोलिसांचे खाते एकच असते, तर तो गुन्हा नोंदवला गेला असता का?

एकाने दार लावले की दुसऱ्याकडे गर्दी

मधल्या जागेची सर्वांत जीवघेणी गोष्ट कळव्यातच घडली, आणि ती रेल्वेची नाही. छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे ठाणे महापालिकेचे, सुमारे 500 खाटांचे. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे. ते नव्याने बांधायला घेतले आणि मनोरुग्णालयाच्या आवारात तात्पुरते हलवले. निर्णय योग्यच होता, इमारत जुनी होती. पण आजारी माणूस बांधकाम संपायची वाट पाहत नाही. शहापूर, मुरबाड, पालघरकडच्या रुग्णांचा भार कळव्यावर आला. ऑगस्ट 2023 मध्ये या रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले.

त्या मृत्यूंची कारणे एक नव्हती, बरेच रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत आले होते, असे तेव्हा प्रशासनाने सांगितले. तरी रचना पाहा. रुग्णालय पालिकेचे, म्हणजे पैसा ठाण्याच्या करदात्याचा आणि मंत्रालयात वाली नगरविकास खाते. त्याला जोडलेल्या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम वैद्यकीय शिक्षणाच्या अखत्यारीत. रुग्ण जिल्ह्याबाहेरचे. जे रुग्णालय हलवले ते तिसऱ्याचे. राज्याने आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्यात जिल्हाधिकारी, पालिका आयुक्त, आरोग्य संचालक अशी सगळी मंडळी एका टेबलाभोवती बसली. हे टेबल इमारत हलवण्याआधी मांडायला हवे होते, एवढेच म्हणावेसे वाटते.

वरून हाक मारली की

अडलेली कामे हलवण्यासाठी अलीकडे वरून हाक मारण्याची पद्धत रुळली आहे. मार्च 2015 पासून पंतप्रधान 'प्रगती' बैठकीत राज्यांच्या मुख्य सचिवांना समोर बसवून रखडलेल्या प्रकल्पांची विचारणा करतात. महाराष्ट्रात त्याच सुमारास मुख्यमंत्र्यांची वॉर रूम आली. ऑक्टोबर 2021 मध्ये 'गतिशक्ती' आली. तिच्यात जंगल, रस्ते, वाहिन्या, रूळ हे सगळे एकाच डिजिटल नकाशावर एकमेकांवर ठेवून पाहता येतात.

याचा उपयोग होतो. सहा महिने अडलेले पत्र बैठकीच्या आदल्या संध्याकाळी निघते, हे कुठलाही कक्ष अधिकारी खासगीत सांगेल. पण वरच्या माणसाचे लक्ष ही मोजकी वस्तू आहे. महिन्याला काही प्रकल्प त्यात बसतात, बाकीचे पुन्हा रांगेत. आणि नकाशावर जलवाहिनी दिसते, झोपडीतल्या शिधापत्रिकेची तारीख दिसत नाही.

कामाला एकच धनी आणि एकच तारीख असली तर काय होते, त्याचे उदाहरण कल्याणला आहे. शतक उलटलेला पत्री पूल ऑगस्ट 2018 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये पाडला. नवा पूल बांधायला राज्य रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) होते, गाड्या थांबवण्याचा अधिकार रेल्वेचा. गर्डर रुळांवरून सरकवायचा तर तेवढे तास खाली एकही गाडी नको आणि वरच्या तारांतली वीज बंद. नोव्हेंबर 2020 मध्ये शनिवार-रविवारचे ब्लॉक ठरवून 76 मीटरचा गर्डर रुळांवरून पलीकडे नेला आणि 25 जानेवारी 2021 रोजी पूल खुला झाला. कल्याणकरांनी मधली सव्वादोन वर्षे शिव्याशाप देत काढली, आणि ते स्वाभाविकच. पण पाडण्यापासून उद्घाटनापर्यंत सव्वादोन वर्षे हा वेग आपल्या भागात विरळाच. तिथे हलवायची घरे रांगेने नव्हती आणि पूल नाही याची बोंब रोज सकाळी ऐकू येत होती, ही दोन कारणे विसरू नयेत.

अर्ज कसा करायचा

कळव्याच्या जोडमार्गाबद्दल कुणालाही विचारा, तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माहिती अधिकार कायद्यात यावर एक कलम आहे, 6(3). अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. "आमच्याकडे नाही" असे सांगून परत करता येत नाही. म्हणजे दोन खात्यांच्या मधली जागा ओलांडायचे काम निदान कागदापुरते तरी सरकारवर टाकलेले आहे.

मात्र प्रश्न नेमका हवा. "काम कधी होणार?" असे विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. बाधितांच्या पुनर्वसनाची जबाबदारी कोणत्या कार्यालयाकडे आहे, त्या आदेशाची प्रत. मागच्या वर्षभरात या विषयावर झालेल्या बैठकांची इतिवृत्ते. आणि फाइल आज कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून आहे, एवढे मागा. एमआरव्हीसीला एक अर्ज, एमएमआरडीएला दुसरा, महापालिकेला तिसरा, आणि तिघांची उत्तरे शेजारी ठेवून वाचा. राज्याच्या कार्यालयांसाठी अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत 30 दिवस, फी 10 रुपये.